उंबराखालची पंगत

फार पूर्वी, रानात पायवाटही नव्हती तेव्हा, बुधी वानरी शेंड्यावरून पिकली उंबरं खाली टाकायची. चितळं ती खायची आणि वाघाचा वास लागताच तिला सावध करायची.

एकदा रानडुक्कर आलं. "उंबरं फक्त मला टाक. चितळांना हाकल. वाघाला मी एकटा पुरतो."

"पंगत सगळ्यांची, डुक्करदादा," बुधी म्हणाली. "एकाला जरी उठवलंत, तर कुणालाच फळ नाही."

तीन दिवस तिनं एकही फळ तोडलं नाही. चितळं वाळकं गवत चघळत तिथंच राहिली. चौथ्या दिवशी डुक्कर मुकाट्यानं पंगतीला बसलं.

पुढं वाघ आला, तेव्हा डुक्करच सुळे रोखून चितळांपुढं आडवं उभं राहिलं.

"चितळं तुझी कोण रे?" वाघानं विचारलं.

"कोणी नाहीत. पण ती गेली, तर उंबरं बंद."

वर बुधीनं पुढचं फळ तोडलं.