बेडकुलीला सावली मिळेना

परसात अळूचे पान होते. पानाखाली गार सावली होती. सावलीत बेडकुली राहत होती. पान सुपाएवढे, बेडकुली बोराएवढी.

एकदा भोपळ्याची वेल आली. सर सर सर. पानावर चढली. पान भुईला टेकले. सावली गेली. बेडकुलीचे ओले अंग उन्हात वाळू लागले.

"वेलताई, वेलताई, बाजूला सर ना. मला सावली मिळेना."

"सरले असते गं," वेल म्हणाली. "पण शेवगा मला धरेना."

थपक थपक. बेडकुली शेवग्याकडे गेली.

"शेवगेदादा, शेवगेदादा, वेलीला धर ना. वेल सरेना, मला सावली मिळेना."

"धरली असती," शेवगा म्हणाला. "पण अंगावरून सुरवंट उतरेना. मी खाजवू, की वेल धरू?"

थपक थपक.

"सुरवंटराव, सुरवंटराव, खाली उतरा ना. शेवगा धरेना, वेल सरेना, मला सावली मिळेना."

"उतरलो असतो," सुरवंट चघळत म्हणाला. "पण भारद्वाज पक्षी येईना. उगीच कोण घाबरतो?"

थपक… थपक.

"भारद्वाजकाका, भारद्वाजकाका, शेवग्यावर या ना. सुरवंट उतरेना, शेवगा धरेना, वेल सरेना, मला सावली मिळेना."

"आलो असतो," भारद्वाज म्हणाला. "पण कुंपणावरून मनी मांजर हलेना. मी भीत नाही. तिची झोपमोड होईल, एवढेच."

थपक… थपक.

"मनीमावशी, मनीमावशी, जरा हल ना. भारद्वाज येईना, सुरवंट उतरेना, शेवगा धरेना, वेल सरेना, मला सावली मिळेना."

"हलले असते," मनी डोळे मिटून म्हणाली. "पण गोठ्यात झोपायला जावे, तर तिथला डास जाईना. मी वाघाची मावशी. डासाशी कशी भांडू?"

थ… पक. थ… पक.

"डासभाऊ, डासभाऊ, इथून जा ना. मनी हलेना, भारद्वाज येईना, सुरवंट उतरेना, शेवगा धरेना, वेल सरेना, मला सावली मिळेना."

डास हसला. गूं गूं गूं. "मनीसुद्धा मला घाबरते. तू कोण गं?" आणि तो तिच्या नाकावर बसला.

बेडकुलीला एकदम आठवले. सकाळपासून विनवण्या करता करता जेवायचे राहूनच गेले होते.

लप्प.

डास गेला. मनी हलली. भारद्वाज आला, कूप कूप. सुरवंट उतरला, जरा घाईनेच. शेवग्याने वेल धरली. वेल सरली, सर सर सर. पान वर उठले. सावली आली.

"मी सरले म्हणून," वेल म्हणाली.

"मी धरली म्हणून," शेवगा म्हणाला.

"मी आलो म्हणून," भारद्वाज म्हणाला.

"मी हलले म्हणून," मनी म्हणाली.

"मी उतरलो म्हणून," गवतातून सुरवंट म्हणाला.

"तूच सांग गं बेडकुले, कोणामुळे?"

बेडकुली गार सावलीत बसली होती. ती काहीच बोलली नाही.

तोंडात घास असताना बोलू नये.