राजानं कडू चोरलं त्याची गोष्ट

सरका जरा, पांघरूण घ्या आणि ऐका. खूप लांबच्या मुलखात एक राजा राहायचा. नाव त्याचं मधुसेन. भारी गोडघाशा, बरं का! एकदा काय झालं, त्याला ताप आला. केतकी राणीनं गुळवेलीचा काढा करून पाजला. काढ्यानं ताप उतरला, पण राजाचा राग काही उतरेना.

"इतकं कडू? मला? माझ्या राज्यात असलं काही नको!"

मग त्यानं एक मांत्रिक बोलावला. मांत्रिकानं मंत्र म्हटला आणि गुळवेलीतलं कडू काढलं. मग आल्यातलं तिखट काढलं. मग ओव्याचा उग्र वास काढला. तिन्ही तीन रांजणांत कोंडून सिंहासनामागे ठेवले. मेला! मला अजून संताप येतो त्याचा.

मग काय, गुळवेल गोड लागायला लागली. राजा खूश. पण अळ्याही खूश झाल्या! त्यांनी पानंच्या पानं फस्त केली. आणि गावात ताप आला. मग खोकला आला. मग पोटदुखी आली. लोक काढे प्यायचे, पण गुण कुणालाच येईना. कुसाबाई कुंभारणीचं तान्हं बाळ तापानं गेलं. गाव राजवाड्यासमोर येऊन ओरडलं, तर राजा म्हणाला, "नाटकं करतात!"

मग राजाची लेक मंजिरी तापानं फणफणली. राणीनं काढा दिला. पोर सरबतासारखा गटागटा प्याली. ताप आणखी चढला.

राणी तडक रानात गेली आणि गुळवेलीवर ओरडली, "माझ्या लेकीला बरं का करत नाहीस गं?"

तर गुळवेल तिच्याहून जोरात ओरडली, बरं का. "कशानं करू? किड्यांनी मला खाऊ नये म्हणून मी अंगात कडू रस बनवते. तोच रस तुमच्या अंगात गेला की तापाशी लढतो. आल्याचा गुण त्याच्या तिखटात, ओव्याचा त्याच्या वासात. ते सगळं तुझ्या नवऱ्यानं लुटून नेलं. आणि जाब मला विचारतेस?"

राणीचे कान तापले. ती मागे फिरली, स्वयंपाकघरातून मुसळ उचललं आणि थेट दरबारात शिरली.

राजा ओरडला, "खबरदार, रांजणांना हात लावशील तर!"

"तुमच्या जिभेच्या चोचल्यांपायी पोरं मरतायत," राणी म्हणाली. "बाजूला व्हा. नाहीतर आधी तुमच्यावरच घालीन हे."

राजा झाला बाजूला. काय करतो!

राणीनं पहिला रांजण फोडला. सगळ्या दरबाराचं तोंड कडू झालं. दुसरा फोडला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसरा फोडला आणि वासाचा असा लोट उठला की खिडक्या धडाधड उघडल्या. कडू, तिखट, वास, सगळं सूं सूं करत रानात गेलं आणि आपापल्या झाडात शिरलं.

मग राणीनं नवा काढा केला. मंजिरीनं एक घोट घेतला आणि भोकाड पसरलं. "आई गं, कडू!" ते ऐकून राणी हसली, आणि हसता हसता रडली. पोरीला दरदरून घाम आला. ताप उतरला.

पण राणीचा राग उतरला नव्हता. तिनं राजाच्या हातात काढ्याचं पातेलं दिलं आणि त्याला घरोघर पाठवलं. लोकांनी काढा घेतला, बरे झाले. कुसाबाईच्या दारात मात्र राजा हात जोडून संध्याकाळपर्यंत उभा राहिला. तिनं दार उघडलं नाही. मला विचाराल तर, अगदी बरोबर केलं तिनं.

पुढे रान हिरवंगार झालं, मंजिरी मोठी झाली, गाव सुखानं नांदलं. राजाही नांदला, पण मान खाली घालून. झालं. आता कुशीवर वळा बघू, आणि गुपचूप झोपा.