लांबून गेलेला मुराळी

लई जुनी गोष्ट बरं का. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं पडली नव्हती आणि वाटांवर खुणेचे दगडही कुणी रोवले नव्हते. लहानांनी पुढं सरकून बसा. मोठ्यांनी खुशाल हसत ऐका, फक्त गोष्ट आपल्यावर आली की उठून जाऊ नका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं सुभाना नावाचा तरुण आपल्या आईबरोबर राहायचा. हौसा ही त्याची थोरली बहीण. तिला पार दूरच्या एका खिंडीपलीकडं दिली होती. एका मोठ्या जत्रेत सोयरीक जमली, तिथंच अक्षता पडल्या, आणि पोर जी गेली ती गेली. पंचमी यायची, दिवाळी यायची, घरोघरचे भाऊ मुराळी होऊन बहिणींना माहेरी आणायला निघायचे. हौसाला आणायला मात्र कुणी गेलं नाही. वाटेतला मुलूख ओसाड, आणि मधली माणसं म्हणे भारी वाईट. आधी बाप भ्याला. बाप गेल्यावर जमीन आणि भीती, दोन्ही वारशानं सुभानाकडं आली.

पुढं आईच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढरा पडदा, चढू लागला. वैदूनं पापण्या उचलून पाहिल्या आणि मान हलवली. "होळीपर्यंत उजेड राहील. त्यापुढचं माझ्या हातात नाही," तो म्हणाला.

आई रडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "सुभाना, मला दुसरं काही बघायचं नाही रे. तेवढी हौसा एकदा दाखव."

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि तो निघाला. खांद्यावर घोंगडी, बोचक्यात भाकरी, चटणी आणि बहिणीसाठी चोळीचा खण. एकीकडची वाट दीड महिन्याची, असं जुनी माणसं सांगत. जाऊन येऊन होळीला पुष्कळ अवकाश उरत होता.

शिवेवरच्या म्हाताऱ्यानं त्याला हटकलं. "कुठं रे निघालास?"

"खिंडीपलीकडं. बहिणीला आणायला."

"अरे देवा! पुढं खारं रान लागेल, सांभाळ. तिथली मीठ पिकवणारी माणसं फार वाईट. तहानलेल्याला खारं पाणी पाजतात आणि बोचकं घेऊन पळतात."

"तुम्ही गेला होता तिकडं?"

"मी कशाला जातोय मरायला! ऐकलंय ना."

झालं! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. खारं रान लागलं, तेव्हा नजर पोचेल तिथवर जमीन पांढरीफटक होती. मधून एक सरळ वाट जात होती आणि तिच्या कडेनं झोपड्यांचा धूर दिसत होता. सुभानानं तो धूर पाहिला मात्र, वाट सोडली आणि रानाला कडेकडेनं वळसा घालायला लागला. सावली नाही, पाणी नाही. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या. आठवड्यामागून आठवडे गेले, तेव्हा कुठं तो पलीकडच्या टोकाला पोचला.

तिथं एकच झोपडी होती. दारातल्या म्हातारीनं त्याला पाहिलं, काही न विचारता आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी गोड होतं. मग तिनं आंबील दिली. दुसऱ्यांदा वाटी भरल्यावर सुभानाच्या जिवात जीव आला.

"आजी, तुमचं गाव कोणतं?"

"हे रानच की बाबा. आम्ही मीठ पिकवणारी माणसं."

सुभानानं बोचकं हळूच जवळ ओढलं.

"गोडं पाणी आम्हाला लांबून डोक्यावर आणावं लागतं," म्हातारी म्हणाली. "पण वाटसरूसाठी घरोघर एक हंडा वेगळा ठेवलेला असतो. आमचं पोर तहानेनं रडलं, तरी त्या हंड्याला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. तू मधल्या वाटेनं आला असतास तर दर घरी पाणी मिळालं असतं. कडेकडेनं कशाला रे मरत आलास?"

सुभाना खाली मान घालून वाटी चाटत बसला.

निघताना म्हातारीनं त्याला पाण्याची लहानशी पखाल भरून दिली आणि आवाज बारीक केला. "एक सांगते बाबा. पुढं दगडी पठार आहे, तिथं जाऊ नको. तिथले मेंढके माणसाच्या अंगावर कुत्री सोडतात."

माणूस हा मोठा गमतीचा प्राणी आहे. एक भीती खोटी निघाली, तरी दुसरी त्याला लगेच खरी वाटते. आजी, तुम्ही पाहिलंय का, एवढं विचारायचंसुद्धा सुभानाला सुचलं नाही.

पठार टाळून तो खालच्या घळीत उतरला. घळीत काटेरी झुडपं, वर थंडीचा कडाका, आणि वाट म्हणावी तर ती कुठं नाहीच. पुढं जायचं, दरड आडवी आली की मागं फिरायचं, असं करता करता महिना सरला. एके दुपारी निसरड्या दगडावरून त्याचा पाय गेला. घोटा असा मुरगळला की उभं राहता येईना. तो तसाच पडून राहिला. होळी जवळ येत होती, आणि घरी आई एकेका दिवसानं उजेड गमावत होती. सुभाना ओक्साबोक्शी रडला.

तेवढ्यात कुत्र्यांचा आवाज आला. दोन दांडगी कुत्री धावत आली. त्यानं डोळे गच्च मिटले. पण कुत्री चावली नाहीत. एक त्याला चिकटून बसलं आणि दुसरं वर तोंड करून भुंकत राहिलं. थोड्या वेळानं दोन मेंढके धापा टाकत खाली आले. त्यांनी त्याला घोंगडीत घालून वर पठारावर नेलं.

मेंढक्यांच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं त्याच्या घोट्याला पाला बांधला. "थंडीच्या दिवसांत आम्ही कुत्री मुद्दाम सोडतो," तो म्हणाला. "चुकलेलं माणूस त्यांनाच सापडतं."

घोटा बरा व्हायला दिवस लागले. मेंढक्यांनी त्याला दूध पाजलं, ऊब दिली, एका शब्दानं कंटाळा दाखवला नाही. तो निघायला तयार झाला तेव्हा पुढारी काळजीनं म्हणाला, "खिंडीपलीकडं कशाला जातोस? ती माणसं बरी नाहीत. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांनी?"

"होय तर. काही वर्षांमागं त्यांची टोळी इथून गेली. सगळ्यांच्या हातांत भाले. मधे घोड्यावर एक पोर होती. हिरवा चुडा भरलेली, ऊर फुटून रडत होती बिचारी. पळवून नेली असणार कुणाची तरी. आम्ही आमच्या पोरी घरांत लपवल्या आणि दारं लावून घेतली."

सुभाना ताडकन उठला. "अहो बाबा, ती टोळी नव्हती. ते वऱ्हाड होतं! ती माझी हौसा. सासरी निघाली होती!"

"मग भाले कशाला?"

"तुमच्या भीतीनं!"

पुढारी आधी मोठ्यानं हसला. मग हसता हसता त्याचा आवाज बदलला. "पोर एवढी रडत होती," तो म्हणाला, "आणि आम्ही तिला पाणीसुद्धा विचारलं नाही रे."

आता सुभानाला थांबवणार कोण? तो सरळ खिंडीत शिरला आणि चार दिवसांत बहिणीच्या दारात उभा राहिला. अंगणात शेणी थापत असलेल्या बाईनं मान वर केली. आधी तिनं ओळखलंच नाही.

"सुभ्या? इतकी वर्षं कुठं होतास रे मेल्या!" म्हणत तिनं शेणाच्याच हातांनी त्याला मिठी मारली. दोघंही रडली.

हौसाची सासू बाहेर आली. "पाठवायला आमची कधी ना नव्हती हो," ती म्हणाली. "पण ती मधली माणसं म्हणे..."

सुभानानं हात जोडले. "मावशी, मधल्या माणसांच्या घरी जेवूनच इथवर आलोय."

सासूनं दुसऱ्याच दिवशी हौसाला पाठवलं. भाऊबहीण मधल्या वाटेनं निघाली. पठारावर मेंढक्यांच्या बायकांनी हौसाची ओटी भरली. पुढाऱ्यानं तर तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला आणि "पोरी, उशीर झाला," म्हणून डोळे पुसले. खाऱ्या रानात दर घरी थांबावं लागलं. थांबून, खाऊन, बोलूनही ती वाट भराभर सरली. वाट सरत होती आणि सुभाना वळशांत वाया गेलेले दिवस बोटांवर मोजत होता.

ती दोघं गावात शिरली तेव्हा रंगपंचमीचे रंग भिंतींवर वाळून गेले होते.

आई उंबऱ्यावर बसली होती. पावलं ऐकून तिनं चेहरा वळवला, पण नजर भलतीकडंच राहिली. हौसा तिच्या पुढ्यात बसली. आईनं दोन्ही हात पुढं केले. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळीकडून बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली.

"वाळलीस गं," ती म्हणाली. मग हौसाचं डोकं छातीशी धरून ती खूप वेळ बसून राहिली.

शेवटी तिनं विचारलं, "सुभाना, वाट फार लांब होती का रे?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आईनं मानलंही असतं.

"नाही आई," सुभाना म्हणाला. "वाट जवळची होती. मीच लांबून गेलो."

आईनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला. "असू दे," ती म्हणाली. "दमला असशील. जेवून घ्या दोघं."

त्या वर्षापासून सुभाना दर दिवाळीला मुराळी होऊन गेला, सरळ मधल्या वाटेनं. हळूहळू त्या वाटेनं मीठ आलं, लोकर आली, पठारावरच्या दोन लेकी सुना होऊन गावात आल्या. सगळं बरं झालं. आईनं हौसाचं तोंड तेवढं पाहायचं राहिलं, ते राहिलंच.

तात्पर्य: वाट माणसाला जितकी लांब नेत नाही, तितकी ऐकीव भीती लांब फिरवते.