राघीची खांड

धाकट्या आंबेखारहून खाडीच्या बांधावर चालायला लागलं, की एका हाताला भातखाचरं आणि दुसऱ्या हाताला तिवरांची झाडी असं बराच वेळ चालतं. मग एका ठिकाणी बांध संपतो. दगड भिरकावला तर पलीकडे पडेल एवढ्या अंतरावर तो पुन्हा सुरू होतो. मधल्या तोंडातून खाडीचं पाणी भरतीला आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. आतल्या बाजूला जिथे कधीकाळी भात पिकायचं, तिथेही आता तिवरंच आहेत. बांध फुटून पडलेल्या अशा तोंडाला या भागात खांड म्हणतात. ही राघीची खांड.

पक्षी बघायला आलेले पाहुणे इथे थांबतात आणि हमखास विचारतात, की एवढंसं तोंड कोणी बुजवत का नाही. सोबत गावातला वयस्क माणूस असला, तर तो सांगतो की राघी नावाच्या बाईनं शपथ मोडली म्हणून खाडी कोपली. सोबत बाई असली, तर ती आधी मागे वळून कोणी म्हातारा ऐकत नाही ना, ते बघते. मग ती सांगते ती गोष्ट वेगळी असते. इथे आहे ती हीच दुसरी गोष्ट.

फार मागे, म्हणे, थोरलं आंबेखार आणि धाकटं आंबेखार या दोन गावांचा मिळून एकच बांध होता आणि त्यावर ज्याला जे वाटेल ते तो करी. कोणी घराच्या भिंतींसाठी बांधाची माती उचलून नेई. कोणी मासे धरायला त्याला भोक पाडी. कोणी आपल्या खाचरातलं पाणी काढायला बांध फोडून शेजाऱ्याचं पीक बुडवी. एका वर्षी त्यावरून कोयते निघाले. दोन्ही गावांतून तिरड्या उठल्या, तेव्हा कुठे दोन्हीकडचे जाणते उघाडीपाशी जमले. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटून खारं पाणी बाहेर ठेवायचं. तिथे एक शेंदूर लावलेला दगड होता. त्या दगडाला हात लावून, जिभेवर मीठ ठेवून जाणत्यांनी बोली ठरवली. बांधाला हात कशासाठी लावायचा आणि कशासाठी नाही, एवढंच त्या बोलीत होतं.

बांधावर माती टाकावी. बांधावर दगड रचावा. चिंबोरीचं बीळ बुजवावं. तिवराची फांदी बाहेरच्या अंगाला लावावी. ओहोटीला उघाडी उघडावी, भरतीला मिटावी. एवढंच करावं. एवढ्यापलीकडे बांधाला हात लावू नये.

जो लावील त्याच्या घराला विस्तव नाही, मीठ नाही, आणि मेल्यावर खांदा नाही. बोली बदलायची झाली तर दोन्ही गावांच्या पंचांनी त्याच दगडाला हात लावून बदलावी, दुसरीकडे कुठेही नाही.

बोली वाईट नव्हती, हे गोष्ट सांगणाऱ्या बायकाही मानतात. तिच्यामुळे कोयते पुन्हा घरात गेले आणि बांध उंच झाला. जाणत्यांनी आपल्या आयुष्यात जे जे पाहिलं होतं, ते सगळं तिच्यात आणलं होतं. जे पाहिलं नव्हतं, ते मात्र तिच्यात नव्हतं.

धाकट्या आंबेखारात ही बोली जोमा नावाच्या पंचाला मुखोद्गत होती. दर वर्षी बांधाच्या कामाला हात लावण्याआधी तो ती खणखणीत आवाजात म्हणून दाखवी आणि गाव मान डोलावी. राघी त्याची थोरली मुलगी. लहान असताना तिनं एकदा त्याच्या मांडीवर बसून विचारलं होतं, की बोलीत नाही असं काही करायची पाळी आली तर काय करायचं. जोमानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बोलीत नाय ते करायची पाळी येत नाय, बाय." हे उत्तर त्यानं खरोखर प्रेमानं दिलं होतं. राघीला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

पुढे राघीचं लग्न झालं आणि ती सासरहून परत आली. का आली याची प्रत्येकाकडे वेगळी हकिगत होती, पण शेवट सगळ्यांचा एकच, की तिची जीभ. जोमानं तिला घरात घेतलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. धाकटी बहीण तारी खालच्या पाड्यात दिलेली होती. खालचा पाडा म्हणजे बांधाला लागून, सगळ्यांत सखल जागी वसलेली वस्ती. राघीचा जीव तिथेच गुंतलेला असे. त्या वर्षी भाद्रपदात तारीला मुलगी झाली होती, आणि राघी रोज तिला शेकशेगडी करायला खाली जाई.

त्याच भाद्रपदात डोंगरातून पाणी आलं. पाऊस तर होताच, पण पाण्याबरोबर एक अख्खं झाड वाहत आलं आणि उघाडीच्या तोंडात आडवं अडकून बसलं. दाराच्या फळ्या उचलेनात. आतलं पाणी चढत गेलं आणि शेंदूर लावलेला दगड त्याखाली गेला. खालच्या पाड्यातली माणसं आधी ओट्यावर आली आणि मग माळ्यांवर चढली. त्यांना आणायला एक होडी सोडली, ती दोन घरांच्या मध्येच उलटली आणि होडीवाला कसाबसा पोहत परतला. दुसरी होडी सोडायला कोणी धजेना.

सकाळी ओहोटी लागली. राघी बांधावर उभी होती. बाहेरची खाडी उतरत होती, चिखल उघडा पडत होता, बगळे येऊन त्यावर चालत होते. आत मात्र पाणी तसंच, तारीच्या दाराची चौकट बुडवून वर चढलेलं. मध्ये फक्त बांध. तो एका जागी कापला तर पाणी बाहेर जाईल, आणि भरती यायच्या आत सगळ्यांनी मिळून माती टाकली तर तोंड बुजेल, हे कळायला पंच असण्याची गरज नव्हती.

ती पळत वरच्या आळीत गेली. देवळाच्या ओसरीवर पंच बसले होते. थोरल्या आंबेखारचा धाया पंचही बांधावरून चालत आला होता. कापायचा का, यावरच बोलणं चाललं होतं. माती टाकावी असं बोलीत आहे, माती काढावी असं नाही. मग बोली बदलावी, असं कोणीतरी म्हणालं. त्याला दगडाला हात लावावा लागेल, आणि दगड पाण्याखाली आहे. शेवटी ठरत आलं होतं ते असं, की पाणी उतरू द्यावं, दगड दिसला की बसावं.

"पानी उतरलं, तर बसाल कशाला?" राघीनं विचारलं.

धायानं तिच्याकडे न बघता जोमाला विचारलं, "जोमा, पोर सासरी पन अशीच पंचांत बोलायची का रं?" ओसरीवर दोघेतिघे हसले. तेवढ्यानं त्यांना बरं वाटलं असावं, कारण आतून सगळेच घाबरलेले होते. जोमा हसला नाही. राघी त्याच्यापुढे जाऊन बसली. तारी माळ्यावर आहे, ओली बाळंतीण आहे, माळ्याला पाणी लागायला आता फार वेळ नाही, हे सगळं तिनं हळू आवाजात सांगितलं. तिनं आयुष्यात एवढ्या हळू आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं, असं म्हणतात. जोमाचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात बोली म्हणत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. कापण्याला जागा देणारा एखादा शब्द सापडतो का, हे तो शोधत होता. तसा शब्द नव्हता.

राघी उठली, घरी गेली, बापाची कुदळ घेतली आणि बांधावर आली.

खालच्या पाड्याच्या समोरच तिनं बांध कापायला घेतला. वर्षानुवर्षं टाकलेली माती दगडासारखी झाली होती. हातांना फोड आले, फुटले. आधी करंगळीएवढी धार बाहेर पडली. मग पाण्यानंच काम हाती घेतलं आणि बांधाची कड ढासळत गेली. आतलं पाणी तांबडंलाल होऊन त्या तोंडातून खाडीत धावलं. दुपारपर्यंत घरांची दारं दिसायला लागली. माळ्यांवरची माणसं कमरेएवढ्या पाण्यातून चालत बांधावर आली. तारी आली, डोक्यावर टोपली आणि टोपलीत मुलगी. खालच्या पाड्यातलं एकही माणूस गेलं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पाणी ओसरताना तोंड मोठं झालं होतं, पण बुजवता आलं असतं. दोन्ही गावं बांधावर जमली होती. पुराच्या वेळी माती घेऊन यायची सवय होती, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाच्या हातात भरलेली टोपली होती. राघी चिखलात उतरून तिवराच्या फांद्या रोवत होती. भरतीला अजून अवकाश होता. तिनं वर बघून सांगितलं, की आता टाका.

कोणीच हललं नाही.

मग एकानं पंचांना विचारलं आणि पंच पुन्हा विचार करायला लागले. धाया म्हणाला, की कापलेल्या जागी माती टाकणं म्हणजे कापणं कबूल करणं. जो टाकील तो तिच्या बरोबरीचा. खालच्या पाड्यातला एक जण म्हणाला, की माती टाकावी हे तर बोलीतलं पहिलंच वाक्य आहे. धाया दुष्ट माणूस नव्हता, असं म्हणतात. बोलीआधीच्या त्या मारामारीत त्याचे दोन भाऊ गेले होते आणि बोली सुटली तर कोयते परत निघतील, ही भीती त्याच्या हाडांत मुरली होती. "बांधावर माती टाकावी," तो म्हणाला. "हितं बांध कुठाय?"

माणसं टोपल्या धरून उभी राहिली. बगळे उडाले. खाडीचं पाणी वळलं.

जोमा गर्दीतून पुढे आला, अगदी तोंडाच्या काठापर्यंत. त्याच्याही डोक्यावर मातीची टोपली होती. खाली राघीच्या गुडघ्याला पाणी लागलं होतं आणि तिच्या फांद्या वाकायला लागल्या होत्या. तिला फक्त तोच दिसत होता.

"बा, टाक," ती म्हणाली.

जोमाचे हात टोपलीच्या काठावर होते. त्यानं लेकीकडे पाहिलं. मग तो मागे वळला आणि सगळ्यांना विचारलं, "टाकू का?"

कोणी हो म्हणालं नाही. कोणी नाहीही म्हणालं नाही.

"कोनाला विचारतोस?" खालून राघी म्हणाली. हे तिचं शेवटचं बोलणं. तारीनं मुलगी कोणाच्या तरी हातात देऊन धाव घेतली, तेव्हा तिला धरून ठेवणाऱ्या बायकाच होत्या. गोष्ट सांगणाऱ्या बायका हे लपवत नाहीत. भरती आली ती उधाणाची होती. राघी त्या तोंडात शेवटपर्यंत फांद्या रोवत राहिली आणि मग दिसेनाशी झाली. तिचा देह सापडला नाही, त्यामुळे तिला खांदा द्यायचा की नाही, या प्रश्नातून पंच सुटले.

खारं पाणी आत शिरलं ते कायमचं. त्या खाचरांत पुन्हा भात उगवलं नाही. खालचा पाडा मोडला. तारी मुलीला घेऊन दूरच्या मिठागरावर मजुरीला गेली आणि परत आली नाही. पाणी उतरल्यावर दगड दिसला. दोन्ही गावांचे पंच ठरल्याप्रमाणे दगडाला हात लावून बसले आणि त्यांनी बोलीत एका वाक्याची भर घातली: बांध कापू नये.

त्यानंतर जोमा बोली म्हणेना. तो रोज टोपलीभर माती घेऊन खांडीच्या काठावर उभा राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, टाकू का. लोक मान खाली घालून निघून जात. तो मेला, तेव्हा त्याच्या जागी गावातला दुसरा म्हातारा टोपली घेऊन उभा राहिला, कारण तोपर्यंत ती रीत झाली होती.

आजही भाद्रपदाच्या अमावास्येला दोन्ही आंबेखारांची माणसं त्या काठावर जमतात. बोली म्हटली जाते, शेवटच्या वाक्यासकट. मग गावातला सगळ्यांत वयस्क पुरुष मातीची टोपली डोक्यावर घेऊन पुढे जातो आणि भरती सुरू झाली की गर्दीकडे तोंड करून विचारतो, "टाकू का?" कोणी बोलायचं नसतं. काही वर्षांपूर्वी लग्न होऊन नव्यानंच आलेली एक मुलगी बोलली होती. "टाका की," ती म्हणाली होती, सहज, जणू त्यात काही अवघड नव्हतं. म्हाताऱ्यानं टोपली डोक्यावरून खाली घेतली. पण तिच्या सासूनं तिचा दंड धरला, पंचांपैकी कोणीतरी समजूत घातली की पोर नवी आहे, तिला इथलं माहीत नाही, आणि टोपली पुन्हा डोक्यावर गेली.

पाणी पायाला लागेपर्यंत म्हातारा उभा राहतो. मग तो वळतो, चार पावलं मागे येतो आणि जिथे बांध आहे, तिथे ती माती टाकतो.