भरपूर म्हणजे किती घागरी?

“धुळबा, या तळ्यात पाणी किती?” भैरोजीराजांनी विचारलं.

“भरपूर, महाराज!” धुळबा म्हणाला आणि तिथंच घोटाळा झाला.

धुळबा हा चांदवळच्या तळ्याचा पाटकरी. पाटाचं दार उघडायचं, खालच्या वाडीच्या भाताला पाणी सोडायचं, दार लावायचं. तळ्याचा आकार कोयरीसारखा, तळ खड्ड्याखुड्ड्यांचा. आत किती पाणी आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तहान लागलेला माणूस असलं काही विचारत नाही.

“भरपूर हा काय आकडा झाला?” राजे म्हणाले. “घाटाला बारा पायऱ्या आहेत. पाणी वरून पहिल्या पायरीला असलं तर किती घागरी, दुसरीला असलं तर किती, असे बाराच्या बारा आकडे चौथ्या दिवशी दरबारात हवेत! आणि मोजताना थेंबभर पाणी तळ्याबाहेर गेलेलं चालणार नाही. जमलं नाही, तर दाराची किल्ली रायाजीरावांकडे!”

रायाजीराव म्हणजे राजांचे मेहुणे. त्यांचा पानमळा तळ्याला लागूनच होता. किल्ली त्यांच्या कमरेला गेली, की सगळं पाणी पानमळ्याला जाणार हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि वाडीचं भात नेमकं पोटरीत आलेलं, लोंबी धरायला पाणी हवंच!

“दाजी, मीही मोजतो की,” रायाजीराव म्हणाले आणि त्यांनी लगेच चारशे गडी घागरी देऊन घाटावर उभे केले.

धुळबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. “एक आकडा काढायला एक जन्म लागेल. बारा म्हणजे बारा जन्म!”

त्याची मुलगी बयजा उंबऱ्यापुढं रांगोळीचे ठिपके काढत होती. “बा, तळं एकदाच मोजायचं. बारा वेळा कशाला?”

“अगं, राजांनी बारा आकडे मागितलेत!”

“आकडे बारा मागितलेत. तळी बारा नाहीत.”

दुसऱ्या दिवशी तिनं वाडीतल्या बायकांना गोळा केलं. तळ्यावर उभ्याआडव्या दोऱ्या ताणल्या, दर दहा हातांवर एक. जिथं दोऱ्यांची फुली पडली, तिथं होडीतून जाऊन एकेक बांबू तळापर्यंत सरळ खाली सोडला आणि पाणी लागलं तिथं चुन्याची खूण केली. तळ्यावर एवढी मोठी रांगोळी पडली, तरी रायाजीरावांनी ढुंकून पाहिलं नाही. ते घागरी मोजत होते.

चौथ्या दिवशी दोनशे अकरा बांबू राजवाड्याच्या चौकात आले. बयजानं सगळे शेजारी शेजारी मांडले, चुन्याच्या खुणा एका ओळीत आणल्या आणि त्या ओळीवर दोरी ताणली.

“महाराज, एकेक बांबू म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद चौकोनाचं पाणी. हातभर खोलीला त्यात नऊशे घागरी मावतात; हातभर लांब, रुंद, खोल खड्डा भरून बघितला, त्याला नऊ लागल्या. दोरीखालच्या बांबूंची लांबी मोजून बेरीज केली, की झाला पहिल्या पायरीचा हिशोब; आज पाणी तिथंच आहे. सहा लाख सात हजार!”

“आणि दुसऱ्या पायरीचा?”

बयजानं दोरी पायरीभर खाली सरकवली. “सगळ्या बांबूंचं पाणी एकदम उतरलं. ज्यांचं खालचं टोक दोरीच्या वरच राहिलं ते कोरडे, सोडून द्यायचे. पाच लाख सतरा हजार.”

दोरी सरकत गेली. बाराव्या पायरीला अकराशे घागरी निघाल्या.

“त्यात चिखलच जास्त,” धुळबा हळूच म्हणाला.

“खरं कशावरून?” राजे हट्टाला पेटले. “हा माझा कारंज्याचा कोरडा हौद. याचं सांग!”

बयजानं हौदात काड्या उभ्या केल्या, काठाला दोरी धरली. “चारशे बारा घागरी.”

पाणके कामाला लागले. हौद काठोकाठ भरला तो चारशे पंधराव्या घागरीला.

“तीन घागरी चुकल्या!” रायाजीराव ओरडले.

“शेवटच्या पाणक्याचं धोतर बघा, महाराज. त्याची घागर गळतेय,” बयजा म्हणाली.

राजांनी पाहिलं. धोतर ओलंचिंब होतं. रायाजीराव मात्र गप्प बसेनात.

“दाजी, हौद बरोबर असेल, तळं साफ खोटं! हिच्या हिशोबानं नव्वद हजार घागरी उपसल्या, की पाणी दुसऱ्या पायरीला यायला हवं. माझ्या गड्यांनी सव्वा लाख उपसल्या आणि पाणी अजून पहिल्याच पायरीला आहे! बोटभरही हललं नाही!”

राजांनी बयजाकडं पाहिलं.

“महाराज,” बयजा म्हणाली, “सव्वा लाख घागरी भरल्या हे खरं. त्या ओतल्या कुठं, तेवढं विचारा.”

राजांनी मेहुण्यांकडं पाहिलं. मेहुण्यांनी आपल्या गड्यांच्या मुकादमाकडं पाहिलं. मुकादमानं हात जोडले.

“थेंबभर पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही असा हुकूम होता, सरकार. म्हणून पलीकडच्या काठावरून परत तळ्यातच ओतल्या.”

राजांच्या मिशा थरथरल्या. मग त्यांना असं हसू फुटलं, की त्यांनी मांडीवरच थाप मारली. हुकूम आपलाच होता हे आठवून ते आणखी हसले. किल्ली धुळब्याकडं राहिली, बयजाला पाटाकडेची चार बिघे जमीन मिळाली, आणि रायाजीरावांना ती गळकी घागर.

“काय धुळबा,” राजांनी डोळे पुसत विचारलं, “आता सांग, तळ्यात पाणी किती?”

धुळब्यानं लेकीकडं पाहिलं, घसा खाकरला.

“भरपूर, महाराज! पण आधी पायरी सांगा.”