जोमाची पहिली होडी

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि शब्दही साधेच असतील, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे जोमा नावाचा तरणा कोळी राहत होता. दहा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या होड्या वल्हवल्या. यंदा त्याला स्वतःची पहिली होडी घ्यायची होती, आणि तीही नारळी पौर्णिमेच्या आत. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की सगळा वाडा समुद्रावर जाणार. आपण तेवढे काठावर उरू, या विचाराने त्याचा पाय घरात ठरत नव्हता. जेवतानाही तो मधेच उठून खाडी बघून यायचा. बायको म्हणायची, "खाडी कुठे पळून जात नाही. घास तरी गिळा."

पौर्णिमा उद्यावर आली, तेव्हा तो हौसाआजीची होडी बघायला गेला. आजीचा नवरा गेल्यापासून होडी माडाच्या विणलेल्या झापांखाली कोरडी पडून होती. जोमाने ती पाण्यात लोटली आणि आत चढला. बघता बघता फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरलं, घोटे बुडाले. तो उडी मारून बाहेर आला.

आजी हसली. "कोळ्याच्या पोटी जन्मलास ना रे? सुकलेलं लाकूड आहे ते. दोन दिवस बुडवून ठेव. पाणी पिऊन फुगेल आणि आपले सांधे आपणच मिटवील."

हे जोमालाही ठाऊक होतं. पण दोन दिवस म्हणजे पौर्णिमा हुकणार.

"एक दिवस उशिरा गेलास, तर मासे काय रुसून बसणार आहेत?" आजीने विचारलं.

जोमा थांबला नाही. तो तडक पलीकडच्या बंदरावर गेला. तिथे एकाची निळी होडी विकायला होती. सांध्यांत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून वर चकचकीत रंग दिलेला. पाण्यात टाकली, तर आत थेंब नाही. सांधा नखाने खरवडून बघावा, असं त्याच्या मनात एकदा आलं. पण त्याने हात मागे घेतला आणि होडी घरी आणली.

पौर्णिमेला तो मेहुण्याला घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाला. बायकोने पावसाळाभर विणलेलं नवं जाळं त्याने पाण्यात सोडलं. जाळं माशांनी भरत आलं, तेवढ्यात लाटांचे तडाखे बसू लागले. लांबी तडकली, खपल्या सुटल्या आणि गुडघ्यापर्यंत पाणी चढलं. भरलेलं जाळं होडीला खाली ओढत होतं.

"दाजी, कापू का?" मेहुण्याने विचारलं.

जोमाने कोयता त्याच्या हातातून घेतला आणि जाळं स्वतःच कापलं. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकून त्यांना काठाला आणलं. बायकोने सूत आणि सुई काढली आणि नव्या जाळ्याची पहिली गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोमाने निळ्या होडीचा रंग आणि लांबी खरवडून काढली. खालचं लाकूड आजीच्या होडीसारखंच सुकलेलं निघालं. सांध्यांत कापूस ठोकला. मग आत दगड भरून उथळ पाण्यात ती काठोकाठ बुडवली.

समुद्रावर निघालेला शेजारी म्हणाला, "काल बुडाली नाही, म्हणून आज बुडवतोस होय?"

"होय. परवा काढीन," जोमा म्हणाला, आणि बायकोशेजारी जाळं विणायला बसला.

तात्पर्य काय, तर जी गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक आहे, ती घाईपायी स्वतःपासून झाकू नये.