हार घातलेला फुटबॉल

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा वस्तू बोलायच्या आणि त्यातल्या म्हाताऱ्या जरा जास्तच बोलायच्या.

कॉलेजच्या कपाटात नवा फुटबॉल हार घालून बसला होता. स्पर्धा तोंडावर आली होती. बाहेर पोरं प्लास्टिकच्या बाटलीला लाथा मारून सराव करत होती आणि आत बसून बसून याची हवा कमी होत चालली होती.

"आजोबा, मला मैदानात जाऊ द्या," तो शेजारच्या गंजक्या चषकाला म्हणाला.

"पूजा झालीय तुझी, मळशील. यंदा आपणच जिंकणार. परंपरा आहे आपली!"

"शेवटचं कधी जिंकलात?"

"मोठ्यांना उलट बोलतोस?"

स्पर्धेत पहिल्याच लाथेला फुटबॉल दोन हात घरंगळला आणि चपटा होऊन बसला. बाटलीवर शिकलेली पोरं सपाटून हरली.

तो कपाटात परतला, तेव्हा चषक वाळक्या हाराला सांगत होता, "हल्लीच्या पोरांत दमच नाही."